कुत्र्याची लूत : काळे ऑईल नको, तपासणी हवी

केस गळालेला, सारखा खाजवणारा कुत्रा दिसला की आपण म्हणतो, याला लूत लागली. मग कोणी त्याला घराबाहेर काढतो, कोणी गॅरेजमधले काळे ऑईल आणून चोपडतो. पण लूत मुख्यतः दोन प्रकारची असते, आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पहिली सार्कोप्टिस नावाच्या किड्यामुळे होते. डोळ्यांना न दिसणारा हा किडा कातडी पोखरून आत अंडी घालतो. कानांच्या कडा, कोपरे, पोट इथे आधी खवले धरतात. खाज इतकी, की कुत्रा रात्रभर झोपत नाही. ही लूत एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे झपाट्याने जाते. कुत्र्याला कुशीत घेणाऱ्या मुलांच्या हातापोटावरही पुरळ उठते, मात्र हा किडा माणसाच्या अंगावर वाढत नाही. कुत्रा बरा झाला की पुरळ काही आठवड्यांत जाते. घरात सगळ्यांच्याच बोटांच्या बेचक्यांत खाज असेल, तर ती माणसांची खरूज असू शकते. त्यात कुत्र्याचा दोष नाही. सगळ्यांनी आपल्या डॉक्टरांना दाखवावे.

दुसरी लूत डेमोडेक्सची. हा किडा बहुतेक कुत्र्यांच्या केसांच्या मुळाशी थोडाफार असतोच. पिलू दूध पिताना आईच्या अंगावरून त्याच्याकडे येतो. पिलू अशक्त असले की तो वाढतो. डोळ्यांभोवती, तोंडाजवळ, पुढच्या पायांवर चट्टे पडतात, खाज कमी असते. माणसाला ही लागत नाही. दोन-चार चट्टे बऱ्याचदा आपोआप भरतात.

डॉक्टर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सार्कोप्टिस कधीकधी सापडत नाही, तेव्हा लक्षणांवरून औषध देतात. सरकारी दवाखान्याला आपण 'गुरांचा' म्हणतो, पण तिथे कुत्र्यालाही नेता येते.

ऑईल, रॉकेल, फिनेल यांनी कातडी भाजते. शिवाय कुत्रा अंग चाटतो, ते पोटात जाते. मेडिकलमधून आणलेल्या स्टिरॉइडच्या ट्यूबने खाज थांबते, पण डेमोडेक्स आणखी पसरतो. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन अंदाजाने देऊ नये, कॉली जातीच्या कुत्र्यांचा त्याने जीव जाऊ शकतो. परमेथ्रिन असलेले कुत्र्याचे औषध मांजराला तर विषच.

पहिल्या डोसनंतर खाज कमी होते आणि आपण थांबतो. पण अंड्यापासून पूर्ण किडा व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले सगळे डोस द्यावेत. सार्कोप्टिस असेल तर सोबत खेळणाऱ्या कुत्र्यांनाही त्याच वेळी औषध हवे, आणि गोधडी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावी.