नळी कापण्याआधी लाकूड बघा

जुनी रायफल नेम धरत नाही अशी तक्रार घेऊन माणूस कारागिराकडे गेला की निकाल बहुधा जागेवरच लागतो: नळी गेली. माझ्या रायफलीचाही तसाच लागला होता. ‘पुढून दोन इंच कापू, तोंड नवं करू, नाहीतर नळीच बदला,’ असं मला सांगितलं गेलं. नळी गेलेली नव्हती. आमच्या मुरबाड-शहापूरकडे कितीतरी घरांत वडिलांच्या किंवा सासऱ्यांच्या नावावरून आलेल्या, नाहीतर जुन्या परवानाधारकाकडून घेतलेल्या रायफली आहेत. त्यांच्या मालकांनी तरी असा सल्ला लगेच मानू नये, म्हणून हे लिहितो आहे.

माझी रायफल .315 ची, बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनलेली. जुन्या ली-एनफिल्डच्या घराण्यातली ही बोल्ट रायफल पूर्वी शिकारीची म्हणूनच विकली जाई. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपली, रायफली मात्र राहिल्या. वैशाखऱ्यात नाणेघाटाच्या पायथ्याला, वस्तीपासून लांब घर असलेल्या माझ्यासारख्याला तिचा परवाना मिळतो तो स्वसंरक्षणासाठी. भाताच्या लोंब्या भरल्या की रानडुकरं शेतात उतरतात हे खरं, पण त्या परवान्यावर डुकरावर बार काढता येत नाही. त्याला वनखात्याची वेगळी लेखी परवानगी लागते. मग नेमाची एवढी काळजी कशाला, असं काहीजण विचारतात. या काडतुसाची गोळी चुकली तर समोरच्या बांधावर थांबत नाही, पुढच्या पाड्यापर्यंत जाऊ शकते. आपली रायफल गोळी कुठे टाकते हे ज्याला ठाऊक नाही, त्याने ती भरूच नये.

जुनी रायफल घेताना पहिली तपासणी कागदाची. खासगी विक्रीआधी विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि 45 दिवस थांबायचं, ही शस्त्र कायद्याच्या कलम 5 मधली अट. बॉडीवरचा क्रमांक परवान्याशी जुळतो ना, हे सगळेच बघतात. बोल्टवरचा क्रमांक मात्र फार थोडे बघतात. या घराण्यात बोल्ट त्या-त्या बॉडीला बसवलेला असतो आणि तोच क्रमांक त्याच्यावर ठोकलेला असतो. कधीकाळी दोन रायफली एकत्र साफ करताना बोल्टची अदलाबदल झाली, तर त्याच्या मागच्या दोन्ही कड्या सारख्या टेकत नाहीत. गोळ्या पसरतात, आणि काडतुसामागची मोकळी जागा वाढली असेल तर जिवालाही धोका असतो. क्रमांक जुळत नसतील तर गनस्मिथने मापून दिल्याशिवाय एकही बार काढू नका.

माझे क्रमांक जुळत होते. तरी रेंजवर गोळ्या कागदभर विखुरल्या. एक वर, दोन डावीकडे, मग मधेच एक अगदी नेमकी. या विखुरण्याकडे नीट पाहायला हवं. सगळ्या गोळ्या एकाच जागी, पण भलत्याच जागी पडत असतील तर दोष साईटचा, आणि तो सगळ्यात सोपा. गोळ्या पसरत असतील तर साईट हलवून काहीच साधत नाही. उलट खरा दोष सापडेपर्यंत मूळ खूणही हरवते. तीन गोळ्यांवरून मत बनवू नका, तीन गोळ्या योगायोगानेही जवळ पडतात. एका ग्रुपला निदान पाच हव्यात. उघड्या साईटच्या या रायफलीने 50 मीटरवर पाचही गोळ्या सहा सेंटीमीटरच्या आत टाकल्या तर मी तिला निरोगी म्हणतो.

नळी कापायच्या सल्ल्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. बंदुकीची नळी आखूड करणं हे शस्त्र कायद्याच्या कलम 6 खाली येतं. त्यासाठीचा खास परवाना नसेल तर तो गुन्हा आहे. ‘थोडंसंच कापतो’ म्हणणारा कारागीर आपल्याला कुठे नेऊन सोडतो आहे, हे मालकाला कळत नाही. शिवाय कापलेली नळी परत जोडता येत नाही. म्हणून क्रम असा ठेवावा: जे उलट फिरवता येतं ते आधी करून बघायचं, जे येत नाही ते सगळ्यात शेवटी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. स्क्रू आवळले, काडतुसांचा लॉट बदलला, पुढच्या साईटची माशीही सरकवली आणि मग गोळ्या जुळल्या, तर कशामुळे जुळल्या हे कधीच कळत नाही.

माझ्या नात्यात सैन्यातून निवृत्त झालेले एक आर्मरर आहेत. सगळे त्यांना सुभेदारकाका म्हणतात. त्यांनी चेंबर रिकामं आहे ना हे डोळ्यांनी पाहिलं, मग बोट घालून पाहिलं, मॅगझिन काढलं आणि नळीत डोकावायच्या आधी पुढचं लाकूड मुठीत धरून हलवलं. ते हललं. किंचितच, पण हललं. ‘अरे, लोखंडाला कशाला बोल लावतोस? हिचं लाकूड बसलंय,’ ते म्हणाले.

या रायफलीला लाकडाचे दोन वेगळे भाग असतात. मागचा दस्ता एका लांब बोल्टने आवळलेला असतो. तो सैल झाला तरी गोळ्या पसरतात, पण तो हाताला लगेच जाणवतो. पुढचं लाकूड फसवं. बाराचा सगळा धक्का त्याच्या मागच्या टोकाला, बॉडीला टेकणाऱ्या दोन लहान खांद्यांवर येतो. वर्षानुवर्षं बंदुकीला वरून तेल चोपडलं जातं, ते झिरपत याच खांद्यांत मुरतं आणि लाकूड मऊ पडतं. मऊ खांदे प्रत्येक बाराला थोडे चेपतात, आणि मग नळी दर वेळी वेगळ्या जागी बसते. खालचा मोठा स्क्रू घट्ट आहे म्हणून माणूस निश्चिंत असतो. पण त्या स्क्रूभोवती लाकडात एक लोखंडी बुश असतो. लाकूड आटलं की स्क्रू बुशवरच आवळला जातो आणि लाकूड मोकळंच राहतं. काहीजण तो बुश काढून टाकून स्क्रू पिळतात. तसं अजिबात करू नका, लाकूड चिरडतं.

दुसरी तपासणी साध्या कागदाची. वहीच्या पानाची पट्टी नळी आणि लाकडाच्या मधून सरकवायची. ती सगळीकडून सारखी जायला हवी, नाहीतर लाकूड टोकाशी दोन्ही बाजूंनी सारखं टेकलेलं हवं. एका बाजूला घासतं आणि दुसरीकडे फट आहे, ही सगळ्यात वाईट अवस्था. नळी तापली की त्या बाजूने ढकलली जाते आणि गोळ्या एकामागून एक सरकत जातात.

आमच्या भागात हा दोष जास्त का, ते सरळ आहे. घाटाच्या पायथ्याला जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते. अशा हवेत लाकूड फुगतं आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात आटतं. त्यात निवडणुकीच्या आचारसंहितेत छाननी समिती ज्यांना सांगेल त्यांना शस्त्र जमा करावं लागतं. 2024 मध्ये आमच्या भिवंडी लोकसभा मतदारसंघात 20 मे रोजी मतदान झालं आणि 4 जूनला निकाल लागला. म्हणजे जमा झालेल्या रायफली कडक उन्हाळ्यातून बाहेर पडून थेट पावसाच्या तोंडावर घरी आल्या. पुढे 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान. वर्षभरात अशी जागा आणि हवा बदललेल्या रायफलीने आदल्या वर्षीचाच नेम धरावा, ही अपेक्षाच चूक आहे. रायफल परत मिळाली की साईटला हात लावू नका. आधी ती कोरड्या हवेशीर खोलीत काही आठवडे राहू द्या, स्क्रू तपासा, मग रेंजवर न्या. आणि चामड्याच्या म्यानात बंद करून तर कधीच ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं.

माझ्या रायफलीचं काम दुसऱ्या एका परवानाधारक गनस्मिथने काकांच्या सांगण्यानुसार केलं. चेपलेले खांदे कोरून काढले, तिथे कठीण वाळक्या लाकडाचे तुकडे चिकटवले, बुश किंचित घासून लाकडाशी जुळवला, घासणारी बाजू मोकळी केली. नंतर लाकडाच्या आतल्या उघड्या भागाला जवसाचं कच्चं तेल हलक्या हाताने, वाळवत वाळवत चोळलं. हे आतलं तेल महत्त्वाचं. बाहेरून चकचकीत पॉलिश आणि आतून कोरडं लाकूड असेल तर पाऊस आतूनच शिरतो.

आता नळीविषयी. नळी खरोखर खराब होते, पण बहुतेक वेळा झिजून नव्हे, साफसफाईने. तोंडाकडून लोखंडी गज घालून घासायची सवय फार जुनी आहे. या रायफलीचा बोल्ट काढला की नळी मागून सरळ साफ करता येते, तेव्हा मागूनच करा. तोंडाची कड तपासायला कान साफ करायची कापसाची काडी पुरते: ती कडेवरून आतून बाहेर फिरवा, कुठे कापसाचा धागा अडकला तर तिथे ओरखडा आहे. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. त्याचा जळका क्षार नळीत मिठासारखा ओल ओढतो आणि पावसाळ्यात एका रात्रीत गंज चढवतो. तो क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून जुनी काडतुसं वापरली असतील तर त्याच दिवशी उकळतं पाणी नळीतून घाला, पूर्ण कोरडं करा, मग तेल. आट्यांत तांबं साचलं असेल तर त्यासाठी मिळणाऱ्या द्रावणाने भिजवलेलं फडकं निळं-हिरवं होऊन बाहेर येतं. फडकं स्वच्छ येईपर्यंत थांबायचं. मी पाहिलेल्या ‘गेलेल्या’ नळ्यांपैकी बऱ्याच नुसत्या मळलेल्या होत्या.

रेंजवर जाण्याआधी नळी आणि चेंबरमधलं तेल कोरड्या फडक्याने पुसून घ्या. तेलकट नळीतला पहिला बार भलतीकडे जातो. चेंबर ओलं किंवा तेलकट असेल, किंवा काडतुसावर पावसाचे थेंब असतील, तर या रायफलीचा बार नेहमीपेक्षा वर लागतो, कारण तिच्या बोल्टच्या कड्या मागच्या बाजूला आहेत आणि ओल्या काडतुसाचा सगळा रेटा बोल्टवर येतो. पावसात रेंजवर आलेला माणूस हे न कळून माशी बदलत बसतो.

काडतुसं एकाच लॉटची घ्या. खोक्यावरचा लॉट आणि वर्ष वहीत लिहा. खडकीच्या कारखान्याची काडतुसं सगळीकडे सारखीच दिसतात, पण दहा वर्षं कुणाच्या कपाटात पडलेली आणि ताजी एकत्र मिसळून मारली तर त्या ग्रुपवरून रायफलीबद्दल काहीच कळत नाही. परवान्यावर काडतुसांची संख्या ठरलेली असते, तेव्हा एकेका बाराचा हिशोब कागदावर असायला हवा. नळी वाळूच्या पिशवीवर टेकवू नका; टेकवायचं ते पुढचं लाकूड.

शेवटी मारणारा. .315 चा धक्का खांद्याला चांगलाच लागतो आणि माणूस चाप ओढण्याआधीच दचकतो. मित्राला सांगा, त्याने मधूनच एखादं डमी काडतूस तुम्हाला न सांगता भरावं. चाप ओढल्यावर बार झाला नाही आणि तरी नळी खाली झुकली, तर दोष रायफलीत नाही. नेमबाज स्वप्निल कुसाळेने 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवल्यापासून गावोगावची मुलं .22 आणि एअर रायफलीकडे वळली आहेत, आणि बहुतेकांची पहिली रायफल जुनीच असते. त्यांनाही हेच लागू: आधी स्क्रू आणि लाकूड, मग काडतुसं किंवा पेलेट, मग स्वतःची पकड, आणि नळी सगळ्यात शेवटी.

लाकडाचं काम झाल्यावर माझ्या रायफलीच्या पाचही गोळ्या 50 मीटरवर वाटीच्या तोंडात मावू लागल्या. साईट त्यानंतर एकदाच हलवावी लागली. तुमच्याकडे अशी रायफल असेल तर कारागिराकडे नेण्याआधी स्क्रू, लाकूड आणि तोंडाची कड स्वतः तपासा, काय दिसलं ते लिहून न्या, आणि कुणी नळी कापायचं म्हणालाच तर रायफल उचलून घरी आणा.