शीतखोलीचा थंडावा कमी पडल्यास काय करावे?

द्राक्षे वेलीवरून तोडल्यानंतरही त्यांचा श्वासोच्छ्वास चालू असतो. तापमान ० अंश सेल्सियसच्या जवळपास आणल्यास तो मंदावतो व माल अधिक दिवस टिकतो. म्हणूनच हंगामात शीतखोलीचे यंत्र बिघडल्यास हजारो रुपयांचा माल धोक्यात येतो. अशा वेळी ‘गॅस संपला’ असे समजून तो भरून घेण्याची घाई केली जाते. ही समजूत बरोबर नाही.

हे यंत्र थंडी निर्माण करीत नाही. रहाटगाडगे ज्याप्रमाणे विहिरीतील पाणी उपसून वर ओतते, त्याप्रमाणे ते खोलीतील उष्णता उपसून बाहेर टाकते. गॅस हा त्या गाडग्यांसारखा आहे. तोच पुनःपुन्हा आत-बाहेर फिरतो, खर्च होत नाही. तो कमी झाला असल्यास कोठे तरी गळती आहे, असे निश्चित समजावे.

तपासणी पुढील क्रमाने करावी :

१. दार व माल : दाराची रबरी पट्टी फाटली आहे काय, पेट्या पंख्यास खेटून रचल्या आहेत काय, एकदम फार गरम माल भरला आहे काय, हे पाहावे.

२. वीज : फलकावरील मीटरवर तिन्ही फेजांचा दाब पाहावा. दाब कमी असता किंवा एक फेज गेली असता यंत्र चालविल्यास मोटार जळण्याचा संभव असतो.

३. बाहेरची जाळी : धूळ व पाचोळा साचल्यास उष्णता बाहेर पडत नाही. मुख्य स्विच बंद करून मऊ ब्रशाने जाळी स्वच्छ करावी.

४. आतली जाळी : सर्व जाळीवर बर्फाचा जाड थर असल्यास आतला पंखा किंवा बर्फ वितळविण्याची योजना बंद पडलेली असू शकते. यंत्र थांबवून बर्फ आपोआप वितळू द्यावा. सळईने खरवडू नये. नळीस छिद्र पडते.

५. गळती : जाळीच्या थोड्याच भागावर बर्फ व बाकीचा भाग कोमट असल्यास, अथवा सांध्यापाशी तेलाचा डाग दिसल्यास, तंत्रज्ञास बोलवावे. प्रथम गळती बंद करून मगच, यंत्राच्या पाटीवर लिहिलेला गॅस भरून घ्यावा.

बंद केलेले यंत्र किमान ५ मिनिटे थांबूनच पुन्हा सुरू करावे. विजेच्या पेटीस स्वतः हात घालू नये. दुरुस्ती होईपर्यंत दार वारंवार उघडू नये व नवा माल आत ठेवू नये.

रोज सकाळ-संध्याकाळ तापमानाची नोंद वहीत ठेवावी. नेहमीपेक्षा दोन अंशांचा फरक पडताच तपासणी केल्यास माल वाचतो व दुरुस्तीचा खर्चही बेताचा होतो.