लातूरचा गहू लवकर का पिकतो?

लातूर किंवा नांदेड जिल्ह्यात नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेला गहू फेब्रुवारीच्या अखेरीस कापणीला येतो. म्हणजे सुमारे १०५ ते ११५ दिवसांत. लुधियानाजवळ त्याच सुमारास पेरलेला गहू मात्र एप्रिलपर्यंत शेतात उभा असतो. पीक लवकर हाती आले तर चांगलेच, असे तुम्हांला वाटेल. पण पंजाबात हेक्टरी ४५ ते ५० क्विंटल गहू निघतो आणि महाराष्ट्राची सरासरी त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. मराठवाड्यातला शेतकरी कष्टाला कमी पडतो असे नाही. मग अडते कोठे?

गव्हाचे रोप दिवस मोजत नाही, उष्णता मोजते. तापमान ५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले, की त्याची वाढ जवळजवळ थांबते. म्हणून दिवसाच्या सरासरी तापमानातून ५ वजा करावेत. जे उरेल ते त्या दिवसाचे 'अंश-दिवस'. समजा, एका वाणाला पिकण्यासाठी एकूण १,७०० अंश-दिवस लागतात. हिवाळ्याचे सरासरी तापमान १५ अंश असेल, तर रोज १० अंश-दिवस जमतील आणि पीक १७० दिवसांत तयार होईल. तेच तापमान २२ अंश असेल, तर रोज १७ जमून अवघ्या १०० दिवसांत पीक पिकेल.

हे ७० दिवस म्हणजेच रोपाचे गमावलेले जेवण होय. पाने सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात. दिवस कमी, तर अन्न कमी. फुटवे थोडे येतात, ओंबी आखूड राहते. शिवाय रोप रात्रीही श्वसन करते व दिवसा कमावलेल्या अन्नातील काही भाग खर्च करते. रात्र जितकी उबदार, तितका हा खर्च अधिक.

दुसरी अडचण पाण्याची. आपली काळी माती ओल पुष्कळ धरून ठेवते, मग गव्हाला पाणी का लागावे? याचे उत्तर मुळांत आहे. पेरणीनंतर सुमारे तीन आठवड्यांनी, जमिनीच्या पृष्ठभागाखाली दोन-तीन सेंटिमीटरवर असलेल्या पेरातून गव्हाला नवी 'मुकुटमुळे' फुटतात. वरचा थर तोवर सुकलेला असेल, तर ही मुळे फुटत नाहीत. खाली ओल असूनही रोप खुरटते. हरभऱ्याचे सोटमूळ मात्र खोल जाऊन ती ओल गाठते.

म्हणून दोनच पाणी देता येणार असतील, तर पहिले २० ते २२ दिवसांनी आणि दुसरे फुलोऱ्यात, ६० ते ६५ दिवसांनी द्यावे, अशी शिफारस आहे. पण विहिरीत तेवढे पाणी असेल तर! २०१५ चा पाऊस हुकल्यावर मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांना पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले. अशा वर्षी गव्हाला पाणी कोण देणार? येथील पुष्कळ शेतकरी सोयाबीननंतर गव्हाऐवजी हरभरा पेरतात, आणि त्यांचा हिशेब चुकतो असे मला वाटत नाही.

तरीही गहू घ्यायचाच, तर पेरणीची वेळ सांभाळावी लागते. ऑक्टोबरात पाऊस रेंगाळला, की सोयाबीनची काढणी लांबते, रान वाफशावर येत नाही आणि पेरणी डिसेंबरात जाते. मग दाणे भरण्याची वेळ मार्चच्या उन्हात सापडते आणि दाणा सुरकुततो. नाशिक जिल्ह्यातील निफाडच्या कृषी संशोधन केंद्राने महाराष्ट्रातील हवामानासाठी त्र्यंबक, तपोवन असे वाण तयार केले. कमी पाण्यासाठी 'नेत्रावती' हा वाण दिला. वाणाने नुकसान कमी होते, थंडी मात्र वाढत नाही.

हे तुम्हांला शाळेतही पडताळून पाहता येईल. दोन मोठ्या कुंड्या घ्या. एकीत १५ नोव्हेंबरला व दुसरीत १५ डिसेंबरला एकाच वाणाचे दहा-दहा दाणे पेरा आणि दोन्हींना सारखेच पाणी द्या. वर्तमानपत्रातून रोजचे कमाल व किमान तापमान टिपून घ्या. दोहोंची बेरीज करून निम्मे केले, की सरासरी मिळते. प्रत्येक कुंडीत ओंबी बाहेर पडल्यापासून ती पिवळी होईपर्यंत किती दिवस लागले व किती अंश-दिवस जमले, ते वेगवेगळे लिहा. शेवटी प्रत्येक कुंडीतील शंभर दाणे मोजून त्यांचे वजन करा. शाळेत बारीक तराजू नसेल, तर गावातल्या सोनाराकडे जा.