विकलेला खेळ
(हान्सी क्रोन्ये याच्या वृत्तांतावरून एक अभ्यासपाठ)

दोन मल्ल आखाड्यांत उतरले म्हणजे त्यांपैकीं कोणाची पाठ मातीस लागेल हें आधीं कोणासही ठाऊक नसतें. ह्या न ठाऊक असण्यांतच खेळाचा सारा प्राण आहे. निकाल आधींच ठरला असेल तर अंगास माती लागते, घाम गळतो, हलगीही वाजते. परंतु खेळ मात्र झालेला नसतो. आपल्या जत्रांतील प्रेक्षकांस हें पक्कें कळतें. दोघे संगनमतानें लढत आहेत असें दिसतांच ते तिला नूरा कुस्ती म्हणतात आणि फडांतून उठून जातात.

जे लोक खेळावर पोट भरतात त्यांच्यामध्यें ही लबाडी कशी शिरते, आणि तिला आळा कोण घालूं शकतो, ह्या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत पाठांत करावयाचा आहे. त्यासाठीं एका क्रिकेट कर्णधाराची हकीगत घेतली आहे. तिच्यांतील पुष्कळ गोष्टी आपल्याच देशांत, आणि कांहीं तर मुंबईस व नागपुरास घडल्या आहेत.

१. लबाडी आजची नव्हे

"पूर्वींचे खेळाडू सचोटीचे, आतांचे सगळे बिघडलेले," असें आपण सहज म्हणतों. इतिहास तसें सांगत नाहीं. प्राचीन ग्रीस देशांत ऑलिंपिया येथें धांवण्याच्या मैदानाकडे जाणाऱ्या वाटेवर झ्यूस ह्या दैवताच्या ब्राँझच्या मूर्तींची रांग होती. त्या मूर्ती लबाडी करणाऱ्या खेळाडूंकडून घेतलेल्या दंडाच्या पैशांतून उभारल्या होत्या. त्यांतील पहिल्या सहा इ. स. पूर्वीं ३८८ सालच्या प्रकरणाच्या होत. थेसलीच्या युपोलस नामक मुष्टियोद्ध्यानें आपल्या तीन प्रतिस्पर्ध्यांस लांच दिली, आणि देणारा व घेणारे अशा चौघांसही दंड झाला. मैदानांत शिरणाऱ्या प्रत्येक खेळाडूस ह्या मूर्तींवरून जावें लागे. त्यांचे चौथरे अद्याप तेथें पाहावयास मिळतात.

इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लॉर्ड्सच्या मैदानावर सट्टेवाले उघडपणें बसत. १८१७ सालीं विल्यम लॅम्बर्ट ह्या त्या काळच्या नामांकित फलंदाजास सामना मुद्दाम हरल्याच्या आरोपावरून त्या मैदानावर कायमची बंदी झाली. अमेरिकेंत १९१९ सालच्या बेसबॉलच्या अंतिम सामन्यांवरून शिकागो संघाच्या ८ खेळाडूंस जन्मभर खेळास मुकावें लागलें. न्यायालयानें त्यांस निर्दोष सोडलें होतें, तरी खेळाच्या अधिकाऱ्यांनीं त्यांस परत घेतलें नाहीं.

मग आज निराळें काय झालें? मोह तोच आहे, परंतु त्याचे हात लांब झाले आहेत. पूर्वीं सट्टेवाला मैदानाच्या कडेला बसे. आतां तो दुसऱ्या देशांतून दूरध्वनीवर बोलतो. पूर्वीं हार किंवा जीत ह्यावरच पैज लागे. आतां एक खेळाडू किती धांवा करील, एका षट्कांत किती धांवा जातील, ह्यांवरही लागते. म्हणून खेळाडूस कोणी "सामना हर" असें एकदम म्हणत नाहीं. "तुझा संघ जिंको बापडा, तूं एवढें थोडेंसेंच कर," असें म्हणतात. हें "थोडेंसें" फार घातक आहे.

२. मानाच्या शिखरावरचा मनुष्य

वर्णद्वेषी राजनीतीमुळें दक्षिण आफ्रिकेस दोन दशकांहून अधिक काळ आंतरराष्ट्रीय क्रिकेटांतून दूर ठेवण्यांत आलें होतें. १९९१ सालीं तिला पुन्हां प्रवेश मिळाला, आणि तिचा पहिला सामना कलकत्त्यास झाला. पुढें ब्लूमफाँटेन येथील हान्सी क्रोन्ये हा तरुण ह्या संघाचा कर्णधार झाला. त्यानें ५३ कसोटी सामन्यांत नेतृत्व केलें व त्यांपैकीं २७ जिंकले. तो मेहनती व शिस्तीचा होता, आणि आपल्या ख्रिस्ती श्रद्धेविषयीं उघडपणें बोलणारा म्हणून सर्वत्र प्रसिद्ध होता. देशांतील मुलें त्याच्याकडे बोट दाखवून "असें व्हावें" म्हणत.

७ एप्रिल २००० रोजीं दिल्लीच्या पोलिसांनीं जाहीर केलें कीं, क्रोन्ये व एक सट्टेवाला ह्यांचें दूरध्वनीवरील संभाषण त्यांच्या हातीं आलें आहे. प्रथम कोणाचाच विश्वास बसला नाहीं. क्रोन्येनें आरोप साफ नाकारला व त्याचें क्रिकेट मंडळ त्याच्या पाठीशीं उभें राहिलें. परंतु ११ तारखेस पहाटेच्या काळोखांत त्यानें मंडळाचे प्रमुख अली बाकर ह्यांस दूरध्वनी केला आणि आपण पूर्ण खरें बोललों नाहीं असें कबूल केलें. जूनमध्यें केपटाऊन येथें न्यायमूर्ती एडविन किंग ह्यांच्या आयोगापुढें त्याची जबानी झाली.

३. मोह कसा वाढत गेला

ह्या जबानींतून जो क्रम दिसतो तोच ह्या पाठाचा गाभा होय.

पहिली पायरी कानपूर येथील, १९९६ सालची. कसोटी सामना हातचा गेलाच होता. अशा वेळीं एका सट्टेवाल्यानें सामना हरण्यासाठीं म्हणून त्यास ३०,००० डॉलर दिले. आपण त्याच्यासाठीं कांहींच केलें नाहीं, पैसे मात्र ठेवून घेतले, असें क्रोन्येनें सांगितलें. त्यास वाटलें असेल कीं ह्यांत कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. पण ज्यानें पैसे दिले त्यास ह्या माणसाची किंमत कळून चुकली.

दुसरी पायरी त्याच महिन्यांत मुंबईस. मोहिंदर अमरनाथ ह्याच्या मदतीसाठीं भरविलेल्या सामन्यापूर्वीं, हरण्याबद्दल दोन लाख डॉलरांहूनही मोठी रक्कम देऊं केल्याचा निरोप कर्णधारानें संघाच्या बैठकींत सर्वांपुढें ठेवला. कांहीं खेळाडूंनीं स्पष्ट विरोध केला आणि बोलणें तेथेंच मोडलें. ह्या खेळाडूंचें नांव राखलें गेलें हें खरें. परंतु दारांतूनच हांकून द्यावयाचा पाहुणा कर्णधारानें घरांत आणून बसविला होता. जी गोष्ट चर्चेस घेतली ती घडण्याजोगी झाली. शिवाय, बैठकींतून बाहेर पडल्यावर ही हकीगत वरिष्ठांच्या कानीं घालून तिचा तपास झाला असता, तर पुढील चार वर्षें कदाचित् निराळीं गेलीं असतीं.

तिसरी पायरी सेंच्युरियन येथील, जानेवारी २००० मधील. इंग्लंडविरुद्धच्या पांचव्या कसोटींत पावसानें तीन दिवस वाया गेले होते व सामना अनिर्णित राहणार हें उघड होतें. अखेरच्या दिवशीं क्रोन्येनें इंग्लंडच्या कर्णधारास सुचविलें कीं, दोघांनींही एकेक डाव सोडून द्यावा व निकाल लागूं द्यावा. इंग्लंडपुढें २४९ धांवांचें लक्ष्य आलें व तो संघ २ गडी राखून जिंकला. लोकांस हें औदार्य वाटलें व पुष्कळांनीं त्याचा गौरव केला. पुढें आयोगापुढें उघड झालें कीं, सामना निकालीं निघावा म्हणून एका सट्टेवाल्यानें गळ घातली होती, आणि त्याबद्दल कर्णधारास सुमारे ५०,००० रँड व एक चामडी कोट मिळाला होता. बाह्य कृति तीच. परंतु तिच्या मागील हेतु कळतांच तिचें सर्व मोल नाहींसें झालें. ह्यावरून ध्यानांत घ्यावें कीं, खिलाडूवृत्ति ही टाळ्यांवरून मोजतां येत नाहीं.

चौथी पायरी नागपूर येथील, मार्च २००० मधील. ह्या वेळीं कर्णधार एकटा राहिला नाहीं. त्यानें हर्शेल गिब्ज ह्यास २० पेक्षां कमी धांवा करण्याबद्दल, व हेन्री विल्यम्स ह्यास आपल्या षट्कांत ५० पेक्षां अधिक धांवा देण्याबद्दल, प्रत्येकीं १५,००० डॉलर देऊं केले. दोघांनींही होकार दिला. प्रत्यक्षांत गिब्जनें ७४ धांवा केल्या. विल्यम्सचा खांदा दुखावला व त्यास दोन षट्केंही पुरीं टाकतां आलीं नाहींत. पैसा कोणासच मिळाला नाहीं, तरी होकार दिल्याबद्दल दोघांसही वर्षअखेरपर्यंत बंदी व दंड झाला.

येथें क्षणभर थांबून विचार करावा. गिब्ज व विल्यम्स हे दोघेही त्या समाजांतले, ज्यास वर्णभेदाच्या कायद्यानें कित्येक वर्षें खालच्या पायरीवर ठेविलें होतें व राष्ट्रीय संघाचें दार बंद केलें होतें. विल्यम्स तर संघांत नुकताच आलेला. दार उघडल्यावर ज्याच्या शब्दावर आंत राहणें किंवा बाहेर जाणें अवलंबून, तोच मनुष्य असें मागूं लागला. होकार देणाऱ्याचा दोष ह्यानें नाहींसा होत नाहीं. परंतु मागणाऱ्याचा दोष दुप्पट होतो. ज्याच्या हातीं अधिकार आहे त्यानें आपल्याखालच्या माणसाचें पोट आणि त्याची सचोटी एकमेकांविरुद्ध तराजूंत घालणें ह्याहून नीच कर्म थोडें आहे.

४. शेवट

ऑक्टोबर २००० मध्यें क्रोन्येवर तहहयात बंदी घालण्यांत आली. आपण सैतानाच्या व जगाच्या म्हणण्यास वश झालों, असें त्यानें आपल्या निवेदनांत म्हटलें होतें. कित्येकांस ह्यांत पश्चात्ताप दिसला. तर कित्येकांस वाटलें कीं, दोष दुसऱ्यावर घालून तो मोकळा होऊं पाहत आहे. १ जून २००२ रोजीं जॉर्ज गांवाजवळील डोंगरांत मालवाहू विमान कोसळून वयाच्या ३२ व्या वर्षीं त्याचा अंत झाला. त्याच्या मनाचा न्याय करणें आपलें काम नव्हे. आपणांस एवढेंच पाहावयाचें आहे कीं, नित्य उपासनेस जाणाऱ्या व शिस्तीनें वागणाऱ्या मनुष्यासही पैशाच्या लोभापासून आपोआप संरक्षण मिळत नाहीं.

ह्या प्रकरणानंतर २००० सालींच आंतरराष्ट्रीय क्रिकेट मंडळानें भ्रष्टाचारविरोधी पथक स्थापिलें. त्याच्या नियमांतील एक गोष्ट विशेष शिकण्यासारखी आहे. कोणी लांच देऊं केली व खेळाडूनें ती नाकारली, तरी तेवढें पुरत नाहीं. ती गोष्ट त्यानें कळविलीच पाहिजे. बांगलादेशचा नामांकित खेळाडू शाकिब अल हसन ह्यास २०१९ सालीं ह्याच कारणास्तव बंदी झाली. त्यानें लांच घेतली नव्हती. तो केवळ गप्प राहिला होता.

५. दुसरें चित्र

फेब्रुवारी १९८० मध्यें मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाचा कसोटी सामना झाला. इंग्लंडचे ५ गडी ५८ धांवांत बाद झाले होते. अशांत बॉब टेलर ह्यास पंचांनीं झेलबाद ठरविलें. भारताचे कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ ह्यांची खात्री होती कीं चेंडू बॅटीस लागला नाहीं. त्यांनीं पंचांस विनंती करून टेलरला परत बोलाविलें. पुढें टेलर व बोथम ह्यांनीं १७१ धांवांची भागीदारी केली, आणि भारत १० गडी राखून हरला.

क्रोन्येचा सेंच्युरियन येथील डाव व विश्वनाथांचा हा निर्णय शेजारीं ठेवून पाहावेत. दोन्ही वेळीं कर्णधाराचा संघ हरला. एका हारीची किंमत कोणी मोजली होती. दुसरीची किंमत कर्णधारानें स्वतः दिली.

६. आपल्यासाठीं बोध

आपल्या गांवांत डॉलर घेऊन कोणी येत नाहीं. परंतु कबड्डीच्या सामन्यांत वय चोरून मोठा मुलगा लहानांच्या संघांत उतरविला जातो. अंगास हात लागला असतां "लागला नाहीं" म्हणून ओरडण्यास मुलांस शिकविलें जातें. पंच आपल्या वाडीचा असावा म्हणून खटपट होते. ढाल मिळाली म्हणजे आपण वडील माणसेंच मिरवणूक काढतों. मुलें जें शिकावयाचें तें तेथें शिकतात. खेळाची पातळी मोठ्या शहरांत खालावण्यापूर्वीं ती आपल्या अंगणांत खालावत असते. तेव्हां तिला उचलण्याचें कामही येथूनच सुरू झालें पाहिजे. हरून आलेल्या मुलास "कां हरलास?" असें विचारण्यापूर्वीं "नीट खेळलास ना?" असें विचारावें. जिंकून आलेल्यासही हाच प्रश्न विचारावा.

विचारासाठीं प्रश्न

१. कानपूर येथें क्रोन्येनें पैसे घेतले पण काम केलें नाहीं. त्यानें कोणाचें नुकसान झालें?

२. मुंबईच्या बैठकींत विरोध करणाऱ्या खेळाडूंनीं आणखी काय करावयास हवें होतें?

३. आपल्यावर ज्याचा अधिकार आहे त्यानेंच वाईट कामास बोलाविलें, तर गरीब मनुष्यानें काय करावें? त्याच्या पाठीशीं कोणीं उभें राहावें?

४. गप्प राहणें हा दोष कधीं ठरतो? आपल्या गांवांतील एखादें उदाहरण, कोणाचें नांव न घेतां, सांगा.

५. आपल्या मुलांच्या पुढील सामन्यापूर्वीं आपण वडील माणसांनीं कोणता नियम स्वतःस घालून घ्यावा?