उत्तरेच्या समुद्रावर निघालेल्या भाचीस



तुझे पत्र पोचले. फेब्रुवारीत बर्गेनहून किर्केनेसपर्यंत आणि तेथून परत असा नॉर्वेच्या किनाऱ्याने 12 दिवसांचा जलप्रवास तू करणार, हे वाचून फार आनंद झाला. परंतु पत्रासोबत सामानाची जी याद तू धाडलीस, तीत दोन जाड ओव्हरकोट, पाच जीन्स, चार स्वेटर आणि हा सारा सरंजाम वाहून नेण्यासाठी 23 किलोंची पेटी पाहिली, तेव्हा बुणग्यांची, म्हणजे फौजेसोबत चालणाऱ्या बिनलढाऊ लोकांची, आठवण झाल्यावाचून राहिली नाही. ज्या मराठी फौजेचा लौकिक हलक्या घोडदळाच्या वेगावर उभा राहिला, तीच फौज 1761 साली पानिपतावर बुणग्यांचा केवढा भार सोबत घेऊन उभी होती, हे तू शाळेत वाचले आहेस. ती पेटी घरीच राहू दे, आणि विमानात डोक्यावरच्या कप्प्यात मावेल तेवढी एकच बॅग घेऊन नीघ, असे माझे तुला आग्रहाचे सांगणे आहे.

हे मी अनुभवाने लिहिते. आठ वर्षांपूर्वी याच मार्गाने गेले असता विमान बदलताना माझी मोठी पेटी मागे राहिली आणि बोट मात्र ठरल्या वेळी सुटली. 1893 साली ट्रॉन्डहाइमहून हामरफेस्टकडे पहिली टपालबोट निघाली, तेव्हापासून माल आणि उतारू वेळेवर पोचविणे हेच या मार्गाचे ब्रीद. वाटेतील 34 बंदरांपैकी कित्येकांत बोट जेमतेम पाव तास थांबते, तेथे एका उतारूच्या पेटीची वाट कोण पाहणार? ती पेटी बंदरामागून बंदर माझ्या पाठोपाठ येत राहिली आणि सातव्या दिवशी किर्केनेसला हाती लागली. तोवर अंगावरचा कोट, खांद्यावरच्या पिशवीतली एक लोकरी बंडी, आणि बर्गेनला घाईघाईने घेतलेले दोन जोड मोजे व एक पातळ लोकरी विजार, एवढ्यावर माझे दिवस गेले, आणि थंडीने मी कुडकुडले नाही. हाल झाले ते औषधे आणि दुसरा चष्मा पेटीत राहिल्यामुळे. तेव्हा औषधे, चष्मा, पासपोर्ट आणि बोटीचे कागद क्षणभरही नजरेआड करायचे नाहीत, ही पहिली ताकीद.

आता मुख्य गोष्ट. ऊब कापडाच्या वजनात नसते. कापडाच्या पदरांमध्ये जी स्थिर आणि कोरडी हवा अडकून राहते, तिच्यात असते. तुझ्या आजीच्या गोधडीत जुन्या लुगड्यांचे किती पदर होते, ते लहानपणी तू बोटाने उलगडून मोजत असायचीस. त्यातला एकेक पदर विरलेला, पण सारे मिळून पौषातली रात्र काढून देत. फरक इतकाच, की आपल्या देशावरची थंडी कोरडी असते आणि तिथली, निदान बर्गेनच्या आसपासची, ओली. ओले झालेले सुती कापड पाणी धरून ठेवते आणि अंगाची ऊब शोषून घेते, सबब जीन्स आणि सुती बनियन दोन्ही यादीतून काढून टाक. लोकर मात्र बरीच ओल पोटात घेऊनही उबदार राहते, आणि मेरिनो लोकरीला चार दिवस वापरूनही घामाचा वास लागत नाही. अंगालगत मेरिनोची पातळ बंडी आणि विजार, त्यावर एक स्वेटर, त्यावर दाबले असता मुठीएवढे होणारे पिसांचे जाकीट, आणि सर्वांवर वारा व पाणी अडवणारा, टोपी असलेला सैल कोट, एवढी तजवीज वाटेतल्या ट्रॉम्सोला पुरते आणि किर्केनेसला पारा उणे 20च्या खाली गेला तरी, दोन बंड्या एकावर एक घातल्यास, निभावून नेते.

सैल हा शब्द मी मुद्दाम लिहिला. ट्रॉम्सोला ध्रुवप्रवासी अमुंडसेनचा पुतळा पाहशील. 1928 साली उत्तरेच्या बर्फात संकटात सापडलेल्या नोबिले या ध्रुवप्रवाशाच्या शोधार्थ तो याच गावाहून विमानाने निघाला आणि परतला नाही. त्याच्याही आधी, वायव्य मार्गाच्या सफरीत, तो जवळजवळ दोन वर्षे तिथल्या नेत्सिलिक इनुइट लोकांच्या शेजारी राहिला आणि आत हवा खेळती राहील असा त्यांचा सैल कातडी पोशाख त्याने आदराने शिकून घेतला. घट्ट बूट आणि त्यात कोंबलेले दोन जोड मोजे हा त्याच्या नेमका उलट मार्ग आहे. बोटे हलली नाहीत तर ती गारठणारच.

बूट, कोट आणि स्वेटर हे तीन जड जिन्नस अंगावर घालूनच विमानात चढ, म्हणजे बॅगेच्या वजनात ते मोजले जाणार नाहीत. हातातल्या बॅगेची वजनमर्यादा बहुधा 7 किंवा 8 किलोंची असते. तुझ्या तिकिटावर काय लिहिले आहे ते नीट वाच. बॅगेत दोन बंड्या, दोन विजारी, दोन पँट, पाण्याला दाद न देणारी एक वरची विजार, आतले चार जोड कपडे, तीन जोड मोजे, कानटोपी, गळपट्टा, बोटीवर घालायला हलके बूट. हातमोजे मात्र दोन प्रकारचे हवेत: आतला पातळ, पाच बोटांचा, आणि वरचा चार बोटे एकत्र ठेवणारा. मध्यरात्री आकाशात उत्तरप्रकाश दिसू लागला की केबिनमध्ये पुकारा होतो. डेकवर जाऊन मोबाईलने चित्र घेण्यासाठी वरचा मोजा काढलास तरी आतला पातळ मोजा हाताला असला पाहिजे, नाहीतर त्या वाऱ्यात बोटे बधिर व्हायला वेळ लागत नाही. मोबाईलही आतल्या खिशात अंगाजवळ ठेव, कारण थंडीने त्याची बॅटरी भराभर उतरते.

तीनच जोड मोजे कसे पुरतील, ही तुझी शंका मला ऐकू येते. रात्री केबिनच्या बेसिनमध्ये कोमट पाण्याने मोजे धू, पिळू नकोस, टॉवेलमध्ये गुंडाळून वरून पायाने दाब आणि न्हाणीघरात पसर. तिथली फरशी बहुधा तापवलेली असते, सकाळी मोजे कोरडे मिळतात. जेवणाच्या दालनात उंची पोशाखाची अपेक्षा या बोटींवर कोणी करीत नाही.

खाण्याचे थोडक्यात. तूप, खवा, पेढे नेऊ नकोस, दुधाचे पदार्थ बाहेरून नेण्यास तिथे मनाई आहे. मेतकुटाची पुडी खुशाल ने. तेल, क्रीम, शाम्पू यांच्या बाटल्या 100 मिलिलिटरच्या वर नकोत आणि साऱ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावाव्यात. बर्फावर चालताना बुटाखाली लावायचे खिळे विमानतळावर अडवले जाऊ शकतात, म्हणून ते बर्गेनलाच विकत घे. पुस्तक एकच. लोकमान्यांचा 1903 सालचा 'आर्क्टिक होम इन द वेदाज' घेतलास तर दीर्घ उषेचे त्यांचे विवेचन, तिथल्या लांबत जाणाऱ्या संधिप्रकाशात, तुला निराळेच भासेल.

रविवारपर्यंत बॅग भरून घरच्या काट्यावर ठेव आणि जो आकडा येईल तो मला कळव. मोज्यांचे दोन जोड विकत घे. तिसरा मी विणते आहे, एक पाऊल झाले आहे, दुसऱ्याची टाच उरली आहे.

तुझी,
मावशी