पाठ-टिपण : पिवळा बेडूक – स्वरूप व प्रसार
(इयत्ता ४ थी, परिसर अभ्यास)

उद्देश : आपल्या रानातील बैल-बेडूक मुलांनी ओळखावा, त्याची उपयुक्तता जाणावी व त्यास इजा करू नये.

प्रस्तावना : मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की मिरजेच्या कृष्णाकाठच्या मळ्यांत व काळ्या रानातील डबक्यांत पिवळेधमक बेडूक एकाएकी दिसू लागतात. हे विषारी असावेत, असे समजून मुले त्यांवर दगड टाकतात. ‘हे बेडूक उन्हाळ्यात कोठे होते?’ या प्रश्नाने पाठास आरंभ करावा.

स्वरूप : बैल-बेडूक हा भारतातील सर्वांत मोठ्या बेडकांपैकी एक होय. तो सुमारे १६ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. अंग हिरवट वा तपकिरी, त्यावर गडद ठिपके. पाठीवर उभ्या वळ्या व बहुधा मधोमध फिकट रेघ. मागील बोटांमध्ये पडदे. विणीच्या काळात नराचा रंग पिवळा होतो व गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या निळ्या पिशव्या फुगवून तो डरावतो. हा पालट मादीस आकृष्ट करण्यासाठी असतो. त्याचा विषाशी संबंध नाही. हंगाम सरताच रंग ओसरतो. कोरड्या दिवसांत हा बेडूक जमिनीत दडून राहतो.

प्रसार : पाकिस्तान, भारत, नेपाळ, बांगलादेश व म्यानमार हा याचा मूळ प्रदेश. नकाशात मुलांकडून तो रंगवून घ्यावा. मादागास्कर व अंदमान येथे मात्र त्यास माणसाने नेले. त्याचे बेडूकमासे इतर बेडकांची पिले खातात. त्यामुळे अंदमानातील स्थानिक बेडकांस धोका उत्पन्न झाला आहे. आपल्या मुलखात जो उपकारक, तोच परमुलखात उपद्रवी ठरतो, हे शिक्षकांनी आवर्जून सांगावे.

उपयोग : हा बेडूक पिकांवरील किडे खातो. पूर्वी असंख्य बेडूक पकडून त्यांचे पाय परदेशी धाडले जात. अखेर १९८७ साली भारत सरकारने ही निर्यात बंद केली.

कृती : शिक्षकांच्या देखरेखीखाली मुलांनी डबक्यापासून दूर उभे राहून नर-मादीच्या रंगातील भेद टिपावा. बेडूक पकडू नये, चिरू नये.

स्वाध्याय : (१) नर पिवळा का होतो? (२) रानातील बेडूक नाहीसे झाल्यास शेतकऱ्याचे काय नुकसान होईल?

ज्या वर्गातील मुलाच्या हातातील दगड आपणहून खाली पडेल, त्या वर्गात हा पाठ सफल झाला असे समजावे.