आज्ञावलीतील किल्ली

घरास कुलूप लावून किल्ली दारावरच टांगणारा गृहस्थ बरकतपुऱ्यात आम्ही अद्याप पाहिला नाही. आज्ञावली लिहिणारे मात्र ‘क्लाउड’ची, म्हणजे भाड्याच्या दूरस्थ संगणकांची, गुप्त किल्ली आज्ञावलीतच लिहून मोकळे होतात. २०१६ साली उबर कंपनीच्या गिटहबवरील भांडारात अशीच किल्ली चोरट्यांस सापडली आणि सुमारे ५ कोटी ७० लक्ष लोकांची माहिती त्यांच्या हाती गेली. भांडार खाजगी होते, हे विशेष! विद्यार्थिमित्रहो, किल्ली ‘डॉट-एन्व्ही’ नामक निराळ्या धारिकेत ठेवावी व त्या धारिकेचे नाव ‘गिटइग्नोअर’मध्ये नोंदवावे. तरीही ती चुकून भांडारात गेलीच, तर ओळ पुसून भागत नाही. गिट जुन्या प्रती जपून ठेवते. प्रथम ती किल्ली रद्द करून नवी घ्यावी, पुसापुशी मागाहून.